घरच्या पीसीत कोण कशाला घुसेल?

‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं तुम्ही विचाराल. पण घुसणारा तुम्हाला ओळखून येत नाही. त्याचे प्रोग्राम इंटरनेटवरची दारं एकामागून एक ठोठावत जातात. उघडं सापडलं की आत.

मे २०१७ मधलं वॉनाक्राय बघा. हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्राम. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे पीसीच्या अशाच एका दारातून) ते पसरलं. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. आणि मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट मार्चमध्येच दिला होता! म्हणून कळकळीने सांगतो, अपडेट पुढे ढकलू नका. विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे असे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

पीसी आणि इंटरनेटच्या मध्ये राउटर (घरातला वाय-फायचा डबा) असला की बाहेरची बरीचशी ठोठावणी तिथेच अडते. पण त्याचा पासवर्ड अनेकदा ‘अ‍ॅडमिन’च असतो (माझ्याकडे दोन वर्षं तसाच होता, कळल्यावर अंगावर काटा आला). तो आजच बदला. रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडून तुमचा पीसी चालवायची सोय) लागत नसेल तर बंद करा. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि लगेच केबल काढा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं.