अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवाराचा पाठिंबा वय ठरवते की वर्ण?

आपला प्रश्न असा आहे की, तरुण मतदार आणि कृष्णवर्णीय मतदार हे दोन्ही वर्ग डेमोक्रॅटिक पक्षाचे हक्काचे मतदार समजले जातात, तर मग २०२० मध्ये त्या पक्षाची उमेदवारी मागणारे आणि तरुणांचे लाडके असलेले बर्नी सँडर्स साउथ कॅरोलायना या दक्षिणेकडील राज्यात एवढे मागे कसे पडले, आणि एखाद्या उमेदवाराचा पाठिंबा जोखताना वयाला अधिक महत्त्व द्यावे की वर्णाला? मी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो आहे आणि येथील निवडणुका आवडीने पाहतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की नोव्हेंबरच्या निवडणुकीत माणूस कोणत्या पक्षाला मत देईल याचा अंदाज वर्णावरून बराचसा बांधता येतो, परंतु त्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, तो कोणाला निवडील हे पाहायचे असेल तर त्याचे वय विचारावे लागते. आपल्या प्रश्नात हे दोन प्रसंग एकत्र आल्यामुळे कोडे पडल्यासारखे वाटते.

प्रथम २००८ ची नोव्हेंबरची निवडणूक पाहू. त्या वर्षीच्या एक्झिट पोलनुसार तिशीच्या आतील मतदारांपैकी ६६ टक्क्यांनी बराक ओबामा यांना मत दिले, तर पासष्टीच्या पुढच्या मतदारांत त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन ५३ विरुद्ध ४५ टक्के असे पुढे होते. हे आकडे पाहून वयाची दरी फार खोल आहे असे वाटते. पण त्याच पाहणीत कृष्णवर्णीयांपैकी ९५ टक्के मते ओबामांना मिळाली होती, म्हणजे तेथे आजी आणि नातू यांच्यात फरक पडायला जागाच उरली नव्हती. वयाची दरी दिसत होती ती मुख्यतः गौरवर्णीयांमध्ये: तिशीच्या आतील गौरवर्णीयांपैकी ५४ टक्के ओबामांकडे होते, आणि पासष्टीच्या पुढच्यांपैकी अवघे ४० टक्के. शिवाय अमेरिकेतील तरुण पिढीत लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेले), कृष्णवर्णीय आणि आशियाई यांचे प्रमाण ज्येष्ठांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. २०१८ च्या जनगणना खात्याच्या आकडेवारीत सर्वाधिक लोक ज्या वयाचे होते ते वय गौरवर्णीयांत ५८ होते आणि लॅटिनोंमध्ये ११. त्यामुळे ‘तरुणांचा कल’ म्हणून जे सांगितले जाते त्यात वर्णाचा वाटा आधीच मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढल्याशिवाय वयाचा खरा परिणाम किती हे कळत नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. २९ फेब्रुवारी २०२० रोजी साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली. तोपर्यंत सँडर्स यांचे प्रतिस्पर्धी जो बायडन आधी मतदान झालेल्या आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते, आणि त्यांची मोहीम आटोपल्यातच जमा आहे असे पुष्कळजण म्हणत होते. साउथ कॅरोलायनातील डेमोक्रॅटिक मतदारांत मात्र निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असतात. तेथे बायडन यांना सुमारे ४९ टक्के मते मिळाली आणि सँडर्स यांना सुमारे २०. एक्झिट पोलमध्ये कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६१ टक्के बायडन यांच्या बाजूने होते. पण त्यातही तिशीच्या आतील कृष्णवर्णीयांकडे पाहिले तर दोघांमधील अंतर फारच कमी झालेले दिसते. बायडन यांना तारले ते ज्येष्ठांनी, आणि मतदानाला येणाऱ्यांत ज्येष्ठच अधिक होते.

हा ज्येष्ठ मतदार कसा विचार करतो याचे उदाहरण म्हणून त्या राज्याचे खासदार जिम क्लायबर्न यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग मला नेहमी आठवतो. मतदानाच्या काही दिवस आधी ते एका परिचिताच्या अंत्यविधीसाठी चर्चमध्ये गेले होते. पहिल्या बाकावर बसलेल्या एका वृद्ध स्त्रीने त्यांना खुणेने जवळ बोलावले आणि हळूच विचारले की तुम्ही मत कोणाला देणार. क्लायबर्न यांनी तिच्या कानात बायडन यांचे नाव सांगितले. त्यावर ती म्हणाली की मला हेच ऐकायचे होते, आणि आपल्या लोकांनाही हे ऐकायची गरज आहे. त्यानंतर २६ फेब्रुवारीला क्लायबर्न यांनी जाहीर पाठिंबा दिला आणि ‘आम्ही जो यांना ओळखतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो आम्हाला ओळखतात’ अशा आशयाचे ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले. या प्रसंगात धोरणाचा शब्दही नाही. आरोग्यविमा नाही, शैक्षणिक कर्ज नाही. आहे तो प्रश्न एवढाच की कोणावर भरवसा टाकावा आणि आपली माणसे कोणाबरोबर आहेत.

याचे कारण त्या पिढीच्या आयुष्यात आहे. क्लायबर्न यांचा जन्म १९४० चा. विद्यार्थी असताना वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात त्यांनी तुरुंग पाहिला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना निर्वेधपणे मत देता येऊ लागले ते १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर, म्हणजे २०२० मध्ये पंचाहत्तरीत असलेला माणूस तेव्हा विशीत होता. १९६० मध्ये रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांना कृष्णवर्णीयांची जवळपास एक तृतीयांश मते मिळाली होती. परंतु १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध करणारे बॅरी गोल्डवॉटर त्या पक्षाचे उमेदवार झाले आणि ती मते जी गेली ती परत आलीच नाहीत. ज्यांनी ही उलथापालथ स्वतः पाहिली त्यांच्या लेखी मत हे आवड व्यक्त करण्याचे साधन नसून संरक्षणाचे साधन असते. असा मतदार आधी हे पाहतो की बाकीचा देश, म्हणजे मुख्यतः गौरवर्णीय मतदार, कोणाला निवडून देईल. त्याच्या नातवाला तो कायदा पाठ्यपुस्तकात भेटलेला असतो, आणि म्हणून त्याची अपेक्षा अधिक असते व धीर कमी. त्यात मला दोष दिसत नाही.

या हिशेबीपणाचा मोठा पुरावा खुद्द ओबामांच्या वेळचा आहे, आणि तो लोक सोयीस्करपणे विसरतात. २००७ च्या बऱ्याच काळात कृष्णवर्णीय मतदारांत ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांचे पारडे जड होते. मताधिकाराच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर १९६५ मध्ये पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले कृष्णवर्णीय खासदार जॉन लुईस यांनीही प्रथम क्लिंटन यांनाच पाठिंबा दिला होता. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात, जेथे तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गौरवर्णीय होते, ओबामा जिंकले आणि चित्र पालटले; त्याच महिन्यात साउथ कॅरोलायनातील ७८ टक्के कृष्णवर्णीय मते त्यांना पडली, आणि फेब्रुवारीत लुईसही त्यांच्या बाजूला आले. उमेदवार आपल्या वर्णाचा आहे एवढे पुरेसे नव्हते, तो जिंकू शकतो हे आधी दिसावे लागले.

आपल्या ओळखीचे उदाहरण हवे असेल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आहेत. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली, ठाणेदार प्रायमरी जिंकले आणि पुढे खासदार झाले. निवडणूक अध्यक्षपदाची नव्हती हे खरे, तरी एकाच वर्णाचे मतदार एकगठ्ठा मत देतात ही समजूत पक्षांतर्गत लढतीत किती टिकते हे तेथे दिसले.

नोव्हेंबरमध्ये वर्णावरून पक्षाचा अंदाज बांधण्याचा नियम लॅटिनो मतदारांना मात्र लावू नये. २०२० च्या एक्झिट पोलमध्ये त्यांच्यापैकी सुमारे ६५ टक्के बायडन यांच्याकडे होते, तर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्याकडे निम्म्याहून थोडेच अधिक राहिले. तिशीच्या आतील मतदारांतही डेमोक्रॅटिक पक्षाचा वाटा ६० वरून सुमारे ५४ टक्क्यांवर आला. कृष्णवर्णीयांचा आकडा मात्र ८७ वरून ८६ एवढाच हलला.

या आकड्यांवर किती भिस्त ठेवावी हेही सांगतो. एकदा मतदान करून बाहेर पडताना एका मुलीने एक्झिट पोलचा कागद माझ्या हाती दिला होता. नाव लिहायचे नव्हते. चौकोनांत खुणा करून, घडी घालून तो पेटीत टाकायचा होता. वयाच्या गटाची खूण करायला मला क्षणही लागला नाही. वर्णाच्या प्रश्नापाशी मी ‘आशियाई’ या चौकोनावर खूण केली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या व्हिएतनामी शेजाऱ्यानेही त्याच चौकोनावर केली. आम्ही दोघांनी मते दिली होती ती मात्र दोन वेगळ्या पक्षांना.