ग्राहकांचे प्रश्न : नवी गाडी आणि पाच जॉब कार्डे

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी आम्ही १४ लाख ६० हजार रुपयांना ऑटोमॅटिक गिअरची नवी गाडी घेतली. पहिल्याच महिन्यात कसारा घाट चढताना ती झटके मारू लागली. आतापर्यंत पाच वेळा ती सर्व्हिस सेंटरमध्ये ठेवली, दोनदा सॉफ्टवेअर बदलले, एकदा क्लचचा संच बदलला, तरी दोष तसाच आहे. कॅलिफोर्नियातला पुतण्या म्हणतो की तिकडे ‘लेमन लॉ’खाली एव्हाना पैसे परत मिळाले असते. आपल्याकडे असा कायदा आहे का? आम्हाला गाडी बदलून मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, अमेरिकेत मात्र वारंवार बिघडणाऱ्या गाडीलाच लिंबू म्हणतात, आणि या कायद्याचे नाव त्यावरूनच पडले आहे. कॅलिफोर्नियात गाडी ताब्यात आल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, यांपैकी जे आधी होईल त्या मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती झाली, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोन वेळा झाली किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत अडकून राहिली, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे कायदाच गृहीत धरतो, आणि पैसे परत मागण्याचा मार्ग मोकळा होतो. पुतण्याचे म्हणणे त्यामुळे बरेचसे खरे आहे.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. दाद मागायची ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली. त्यात दोष दूर करून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे असे सगळे आदेश देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. मात्र ‘चार वेळा दुरुस्ती झाली की गाडी सदोष’ असे गणित त्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचीच हमी असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. कंपनीचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. म्हणून दोष उत्पादनातलाच आहे आणि सुटे भाग बदलूनही तो जात नाही, हे आपल्याला सिद्ध करावे लागेल. माझ्या मते आपली सारी तक्रार या एका मुद्द्यावर तरेल किंवा बुडेल.

पाचही जॉब कार्डे, म्हणजे गाडी ठेवताना सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेले कागद, आज रात्रीच काढून वाचा. आपण काउंटरवर ‘घाटात झटके मारते’ असे सांगितलेले असते आणि कार्डावर मात्र ‘जनरल चेकअप’ असे उमटलेले असते, हा अनुभव अनेकांचा आहे. तसे झाले असेल तर आधीच्या भेटींच्या तारखा आणि त्या वेळी सांगितलेली तक्रार लिहून कंपनीला व डीलरला ईमेल करा. पुढच्या वेळी आपले शब्द जसेच्या तसे कार्डावर उतरल्याशिवाय सही करू नका. स्कॅनर लावल्यावर जे फॉल्ट कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) येतात त्यांची प्रिंट मागून घ्या. गाडी परत देताना समाधान झाल्याच्या कागदावर घाईने सही घेतली जाते. तिथे ‘चढावर चालवून पाहिलेली नाही’ एवढे स्वतःच्या हाताने लिहिले, तरी पुढे त्याचा मोठा उपयोग होतो. मीटरवरचे किलोमीटर दिसतील असा झटक्यांचा व्हिडिओही शेजारी बसलेल्या माणसाकडून काढून घ्या.

तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग योग्य प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो, आणि त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागते. हा खर्च वाचवण्याच्या मोहात पडू नका. तक्रारीसोबतच तपासणीचा अर्ज द्या, कारण तज्ज्ञाच्या अहवालाअभावी चांगल्या तक्रारीही फेटाळल्या गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ह्युंदाईच्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग न उघडल्याबद्दल ग्राहकाच्या बाजूने निकाल देताना, धडकेचा जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे म्हटले होते. परंतु एअरबॅग उघडली नाही हे डोळ्यांना दिसते, गिअरबॉक्सचे तसे नसते.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येईल, कारण तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय नव्या कायद्याने केली आहे, आणि मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. आपल्या रकमेसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा ‘वॉरंटी संपेपर्यंत पाहू’ असे म्हणू नका. तपासणी लागणारे प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढावे असे कायदा सांगतो, प्रत्यक्षात तारखा त्यापुढे जातात.

कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिपक्ष करा, आणि कोणाची चूक कोणती हे वेगवेगळे लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ऐवजी २००९ साली बनलेली गाडी दिली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले, कारण डीलरच्या त्या कृत्यात कंपनीचा सहभाग दाखवलेला नव्हता. मागणीही एकच ठेवू नका. प्रथम गाडी बदलून किंवा किंमत व्याजासह परत, ते मान्य न झाल्यास संपूर्ण गिअरबॉक्स नवा आणि वाढीव वॉरंटी, अशा पर्यायी मागण्या क्रमाने मांडा.

गाडी कर्जाऊ असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. बँकेचा या दोषाशी संबंध नसतो आणि आपलीच आर्थिक पत घसरते. तसेच दावा चालू असताना गाडीने ४०,००० किलोमीटर कापले, तर ‘सदोष गाडी एवढी धावलीच कशी?’ हा प्रश्न समोरून येणारच.

प्रश्न : माझी गाडी टुरिस्ट परमिटची आहे. व्यावसायिक वापरामुळे मला ग्राहक मानणार नाहीत, असे डीलर सांगतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : डीलर आपल्याला अर्धेच सांगतो आहे. व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही हे खरे, परंतु केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेऊन ती वापरणाऱ्याला कायद्याने या अटीतून वगळून ग्राहकच मानले आहे. आपली एकच गाडी असेल आणि ती आपण स्वतः चालवत असाल, तर हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा आणि सोबत आपल्या वाहन चालवण्याच्या परवान्याची प्रत जोडा. चार गाड्या आणि पगारी चालक असतील, तर मात्र दिवाणी न्यायालयाचा विचार करावा लागेल.