सेरोटोनिनचा स्कॅन : दिसतं काय आणि कशामुळे बिघडतं

प्रश्न : नैराश्यासाठी मी रोज सिटॅलोप्रॅम 20 मिलिग्रॅम घेतो. मेंदूतलं सेरोटोनिन कमी आहे का, हे पेट स्कॅनवर कळेल का? कॅन्सरचा पेट स्कॅन होतो त्या केंद्रात हा का होत नाही?

उत्तर : सेरोटोनिन किती आहे, हे या स्कॅनवर थेट दिसत नाही. दिसतात त्या ते बसण्याच्या जागा. टोरांटोत तयार झालेला डीएएसबी हा ट्रेसर (स्कॅनवर दिसावा म्हणून किरणोत्सारी अणू बसवलेला रेणू) सेरोटोनिनला पेशीत परत ओढणाऱ्या ट्रान्सपोर्टरला चिकटतो. तुमची गोळीही तिथेच बसते. टोरांटोच्याच 2004 च्या अभ्यासात सिटॅलोप्रॅमसह पाच औषधांनी नेहमीच्या किमान मात्रेत सुमारे 80 टक्के जागा अडवलेल्या आढळल्या. म्हणजे आज तुमचा स्कॅन केला तर तो फिका येईल, पण तो फिकेपणा गोळीचा, आजाराचा नव्हे. त्यासाठी गोळी परस्पर बंद मात्र मुळीच करू नका.

कॅन्सरच्या स्कॅनमधल्या फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) 110 मिनिटं, त्यामुळे तो दुसरीकडून गाडीने आणता येतो. डीएएसबीतल्या कार्बन-11 चं जेमतेम 20 मिनिटं. म्हणून सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) त्याच आवारात लागतो. नायट्रोजन वायूवर प्रोटॉनचा मारा करून किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड मिळवायचा, त्याचं मिथाइल आयोडाइड करायचं, ते मूळ रेणूला जोडायचं, एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने शुद्ध करायचं आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. यात 40 मिनिटं गेली की चौथा हिस्साच उरतो.

घात होतो तो बहुधा हवेतल्या साध्या कार्बन डायऑक्साइडमुळे. नळ्यांत तो शिरला की किरणोत्सार नसलेला डीएएसबीही तयार होतो आणि जागा अडवून बसतो. म्हणून नळ्या आधीच निष्क्रिय वायूने धुऊन घ्याव्या लागतात. पुढे दीड तास डोकं स्थिर हवं. रॅफे केंद्रकं (मेंदूच्या देठातले सेरोटोनिन पेशींचे पुंजके) इतकी लहान आहेत की काही मिलिमीटर हललं तरी आकडा बिघडतो. तुलनेसाठी, ट्रान्सपोर्टर जवळपास नसलेला भाग म्हणून, लहान मेंदू घेतात, पण त्याचा मधला पट्टा (वर्मिस) वगळून, कारण तिथे ट्रान्सपोर्टर असतात.

प्रश्न : किरणोत्सारी अणू रेणूत कुठेही बसवला तर चालतो का?

उत्तर : नाही. 5-एचटी-1ए या ग्राहींसाठीच्या (सेरोटोनिन जिथे चिकटतं त्या जागांपैकी एक प्रकार) वे-100635 या ट्रेसरमध्ये कार्बन-11 आधी मिथॉक्सी गटावर बसवत. शरीरात रेणू तुटला की तो अणू ज्या तुकड्यासोबत राही, तो तुकडाही मेंदूत शिरे आणि चित्र गढूळ होई. अणू कार्बोनिल गटावर नेल्यावर तो दुसऱ्या तुकड्यासोबत जाऊ लागला, जो मेंदूत फारसा पोचत नाही. औषध तेच, जागा बदलली आणि चित्र लख्ख झालं.