नागपुरात घरच्या घरी, कमी खर्चात गाडी धुवून चकाचक ठेवायची तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की काळी गाडी घेऊन वर्ष झालं, मनीषनगरच्या स्कीममध्ये (म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत) खाली उभी असते, रोज पुसायला माणूस लावलाय, अधूनमधून वॉशिंग सेंटरलाही नेता, तरी बॉनेटवर बारीक ओरखड्यांची जाळी दिसू लागली. आता स्वतःच धुवायची आहे आणि हजार-दीड हजाराच्या वर जायचं नाही.

तर भाऊ, पहिलं काम फुकटचं आहे. त्या रोज पुसणाऱ्याला सांगा की गाडीच्या पत्र्याला हात लावायचा नाही. त्याचे पैसे बंद करू नका, टायर आणि मॅट धुवायला ठेवा. पण तो सकाळी अर्ध्या बादलीत एकच फडकं बुचकळून दहा गाड्या पुसत असेल, तर शेजारच्या गाडीची माती तुमच्या बॉनेटवर घासली जाते. ती जाळी तिथूनच आलीय.

आपल्याकडची धूळ काही साधी नाही. सिमेंटचे रोड, जिकडेतिकडे बांधकाम, बेसा-घोगलीकडे नव्या लेआउटची उघडी माती. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना तिथल्या वीज केंद्रांच्या राखेचा वाटा वेगळा. या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा, कितीतरी कडक असतात. हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. सगळी चमक त्याचीच. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी करून बघा, दिव्याभोवती गोल गोल ओरखडे दिसतील. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त दिसत नाहीत. म्हणून नागपुरात पांढरी गाडी घेणारा निम्मं काम शोरूममध्येच उरकून येतो.

हिवाळ्यात आणखी एक सवय दिसते. पहाटे गाडीवर दव पडलेलं असतं, तर आयतंच पाणी आहे म्हणून लोक त्यावरूनच फडकं फिरवतात. दवाने धूळ ओली होते, वाहून जात नाही, आणि मग तीच रगडली जाते. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवणं हाही तोच प्रकार, वाऱ्याने ते कव्हर रात्रभर घासत राहतं.

म्हणजे सगळी मेख एवढीच, की गाडीला हात लागण्याआधी धूळ पाण्याने खाली गेली पाहिजे. त्यासाठी प्रेशर वॉशर नको. कृषी केंद्रात किंवा नर्सरीत हाताने हवा भरायचा छोटा फवारणी पंप मिळतो, तो आणा. मात्र नवाच आणा. शेतावर औषध मारलेला जुना पंप घरी आणून वापरू नका. टपापासून खाली फवारत या, मग चार-पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा फवारा. नळी लावून धार सोडण्यापेक्षा यात पाणी फार कमी लागतं. मे महिन्यात स्कीमची टाकी अर्धी असताना कोणी गॅलरीतून ओरडतही नाही.

मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाला जी काळी रेती बसलेली दिसेल, ती एरवी रंगावर फिरली असती. वरून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. मोजा खाली पडला तर पूर्ण धुतल्याशिवाय परत वापरायचा नाही. चाकांचं फडकं आणि पाणी वेगळं, कारण तिथे ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची भुकटी असते. कपड्यांची पावडर नको. भांड्यांच्या लिक्विडने गाडी स्वच्छ होते, पण वॅक्सही उतरतं. एक-दोन झाकणं शाम्पू एका धुण्याला पुरतो, त्यामुळे बाटली बरेच महिने चालते.

आता पाण्याचं. वॉशिंग सेंटरवाला हे सांगणार नाही, आणि मला विचाराल तर नागपुरात शाम्पूपेक्षा याचाच विचार जास्त करावा लागतो. नळाला पेंच-कन्हानचं पाणी येत असेल तर फार त्रास नाही. पण नव्या वस्त्यांमधल्या पुष्कळ स्कीमचा कारभार बोअरवर चालतो आणि ते पाणी जड असतं. गाडीवर थेंब वाळला की पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, आणि काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर थेंब बघता बघता वाळतो. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत धुवा, नाहीतर दिवेलागणीनंतर, तेही बॉनेटला तळहात टेकवून गार लागला तरच.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी गाडीला वापरावं असं मार्च ते जून सगळ्यांच्याच मनात येतं. नका वापरू. कूलरमध्ये पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार टाकीत साचत जातात, म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्याहून जड झालेलं असतं. पुरावा हवा असेल तर कूलरची जाळी बघा, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरी खपली धरलेली असते. आरओमधून बाहेर जाणारं पाणीही तसलंच. ही दोन्ही पाणी मॅट, टायर आणि पार्किंगची फरशी धुवायला घ्या. याच्या उलट एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीत साठवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी पंपात भरून शेवटचा हात त्याचाच द्या. गंमत अशी की मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की तेव्हा ते फारसं मिळत नाही. पावसाळ्यात मात्र बादल्या भरतात.

पाणी मारून शाम्पू धुऊन काढला की लगेच पुसा. जाड, लांब केसांचा मायक्रोफायबर टॉवेल अंथरायचा आणि अलगद ओढून घ्यायचा, घासायचा नाही. जुनी बनियन, गंजी, पंचा यांना रजा द्या. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याने पाणी शोषणं कमी होतं. तरीही ठिपके राहिलेच तर किराण्यातलं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवा आणि धुवून टाका. फार जुने डाग रंगात खोल गेलेले असतात, ते व्हिनेगरने जात नाहीत.

गाडी कधी कडुनिंबाखाली लावत असाल तर पाखरांची विष्ठा दिसल्या दिसल्या काढा, ती आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगावर कायमचा डाग पाडते. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून उचलायचा, खरवडायचं नाही. डिंकावरही ओलं फडकं ठेवून तो मऊ होऊ द्या, टिपून घ्या, मग ती जागा धुवा. समृद्धीवरून आल्यावर बंपरवर चिकटलेल्या किड्यांनाही आधी ओलं फडकं पांघरून ठेवा. आणि पावसाळ्याआधी समोरच्या काचेखालच्या जाळीतला पाला हाताने काढा. तो कुजला की पाणी तुंबतं.

आतून फार काही लागत नाही. रंगवायचा मऊ ब्रश एसीच्या जाळ्यांना, घरचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सीटच्या फटींना, आणि डॅशबोर्डला पिळलेलं ओलं फडकं. तेलकट चमक देणारे स्प्रे घेऊ नका, त्यांवर धूळ बसते आणि त्यांचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारून देऊ का असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा; डिझेलने खालची रबरं फुगतात.

खर्चाचं म्हणाल तर शाम्पू, मोजा, टॉवेल, दोन-तीन साधी मायक्रोफायबर फडकी आणि पंप, हे सगळं साधारण तुमच्या हजार-दीड हजारात बसतं. बादल्या घरच्या. पुढच्या महिन्यात जमलं तर पेस्ट वॅक्सचा डबा घ्या. सावलीत पातळ हात द्यायचा, पांढुरकं झालं की पुसायचं. जाड थर दिल्याने चमक वाढत नाही, हात तेवढे दुखतात. आत्ताची जाळी वॅक्सने थोडी झाकली जाईल, जाणार नाही. ती घालवायला पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा खरवडणंच. म्हणून आधी धुण्याची पद्धत बदला, दिवाळीच्या सुमारास एकदा चांगल्या माणसाकडून मशीनने करून घ्या, दर वर्षी नको.

सिरॅमिक कोटिंगचंही, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराचंही, तुम्ही विचारलं होतं. माझं मत असं, की गाडी कोण पुसतं हे जोवर ठरत नाही तोवर त्यात पैसे घालू नका. कोटिंगवर पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, हे खरं. पण धुळीचं फडकं फिरलं की ओरखडे त्यावरही पडतात, आणि बोअरच्या थेंबांचे ठिपके त्यावरही उठतात.