आवाज येतोय का? माइकविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी फक्त माइकचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरांआधी सगळ्यांना एक विनंती. माइक बिघडला असं ठरवण्यापूर्वी कॉम्प्युटरमधल्याच रेकॉर्डरवर अर्धा मिनिट बोला आणि ते हेडफोन लावून ऐका. विंडोजमध्ये साउंड रेकॉर्डर असतो, मॅकवर क्विकटाइम. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर माइक चांगला आहे. दोष पुढे, म्हणजे ॲप, ब्राउझर किंवा इंटरनेटमध्ये शोधायचा. रेकॉर्डिंगच खराब असेल तर माइक, वायर, वीज आणि सेटिंग्ज बघायची. एवढं न करताच लोक दुकान गाठतात आणि चांगला माइक टाकून नवा घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मीटिंगच्या ॲपमध्ये माझा आवाज नीट जातो. पण ऑनलाइन मुलाखतीची लिंक ब्राउझरमध्ये उघडली की माइक सापडत नाही असा संदेश येतो. परवाच मुलाखत आहे. (मुलुंड)

उत्तर : एका ठिकाणी आवाज जातोय, म्हणजे माइक आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटरला माइक चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) दोन्ही ठीक आहेत. आधी मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करा, कारण काही प्रोग्रॅम माइक स्वतःकडेच अडवून ठेवतात. मग ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइकची परवानगी द्या आणि पान पुन्हा लोड करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये कोणता माइक निवडलाय तेही बघा. पूर्वी कधीतरी जोडलेल्या हेडसेटचं किंवा वेबकॅमचं नाव तिथे तसंच राहिलेलं असू शकतं. मॅकवर प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागते. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या मायक्रोफोनच्या यादीत ब्राउझरचं नाव चालू करा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

हे सगळं उद्याच उरका, आणि ज्या खोलीत बसून मुलाखत देणार आहात तिथेच बसून तपासा. मुलाखतीच्या वेळी पंखा मंद ठेवा, रस्त्याकडची खिडकी लावून घ्या.

प्रश्न : मी हार्मोनियम शिकवते. ऑनलाइन वर्गात सूर धरून ठेवला की दोन-तीन सेकंदांत तो विद्यार्थ्यांना ऐकू येईनासा होतो. तानपुऱ्याचं ॲप लावलं तर तेही गायब. बोलणं मात्र स्पष्ट जातं. माइक बदलू का? (गिरगाव)

उत्तर : बाई, माइक अजिबात बदलू नका. तुमच्या वर्णनातच कारण सापडतं. मीटिंगची ॲप बोलणं पोहोचवण्यासाठी बनवलेली आहेत. माणसाचं बोलणं सतत चढतं-उतरतं, मध्ये थांबतं. जो आवाज न बदलता चालू राहतो, पंख्याचा, एसीचा, तो त्यांच्या लेखी गोंगाट ठरतो आणि गाळला जातो. तुमचा धरून ठेवलेला षड्ज आणि तानपुरा नेमके याच चाळणीत अडकतात.

झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा. मीटिंग सुरू झाल्यावर ते खरंच चालू आहे ना, हे दर वर्गाच्या आधी बघा. आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करण्याची खूणही काढा, नाहीतर मंद स्वर ओढून मोठे केले जातील आणि तुम्ही भात्यावर दिलेला जोर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणारच नाही. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशनचा स्विच दिसत असेल तर तो बंद करा. विंडोज ११ स्वतःही आवाजावर प्रक्रिया करू शकतं. साउंडमध्ये तुमच्या माइकवर क्लिक करा आणि ऑडिओ एनहान्समेंट्स 'ऑफ' ठेवा.

चाळणी काढली की प्रतिध्वनीवरचा अंकुशही सैल होऊ शकतो, म्हणून तुम्ही आणि विद्यार्थी दोघांनीही हेडफोन लावायचे. माइक भात्याच्या बाजूला नको, हवेची फुसफुस त्यात शिरते. तो समोरून, हातभर अंतरावर ठेवून बघा आणि रेकॉर्ड करून ऐका. फार लांबही नको: अंतर दुप्पट झालं की वाद्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने साधणार नाही. तुम्ही आणि विद्यार्थी एकाच लयीत एकत्र वाजवू शकणार नाही, कारण आवाज पोहोचायला वेळ लागतो. तुम्ही वाजवून दाखवायचं, मग त्याने वाजवायचं, असंच चालवा.

प्रश्न : जुन्या चाळीत राहतो. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये सारखी गुणगुण येते, काढला की थांबते. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्याही येतात. (लालबाग)

उत्तर : चार्जर काढून बघितलंत हे फार चांगलं केलंत, दोष विजेच्या बाजूला आहे हे त्यातून कळलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तीच आणि तिच्या पटीतली गुणगुण तुम्हाला ऐकू येते आहे.

चार्जर दोन पिनांचा असेल तर अशा हलक्या झिणझिण्या येऊ शकतात. आतल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह धातूपर्यंत येतो. पण चार्जर तीन पिनांचा असूनही झिणझिण्या येत असतील तर त्या पॉइंटला अर्थिंग नसण्याची दाट शक्यता आहे, आणि मग प्रश्न फक्त माइकचा राहत नाही. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटला वरचं मोठं भोक असतं, पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थची वायर न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपाला जोडून देतो असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या, त्याने जीव जाऊ शकतो. तिसरी पिन तोडणं किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावणं हाही उपाय नव्हे.

तोवर रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. माइकची वायर चार्जरच्या वायरीला समांतर ठेवू नका. यूएसबी माइक वापरून पाहायला हरकत नाही. त्यात आवाजाचं डिजिटल रूपांतर माइकमध्येच होतं, त्यामुळे ही गुणगुण बऱ्याचदा कमी होते.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून एका पिनचा हेडसेट आणला. मोबाइलवर चालतो, डेस्कटॉपवर फक्त ऐकू येतं, बोललेलं जात नाही. (गोरेगाव)

उत्तर : पिनवर तीन काळ्या रेघा असतील. म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि माइक. डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटला माइकची जोडणीच नसते, ती गुलाबीत असते. हेडसेटसाठीचा स्प्लिटर घ्या, म्हणजे एका पिनच्या हेडफोन आणि माइक अशा दोन वेगळ्या पिना करून देणारी छोटी वायर. दुकानात तसाच दिसणारा दुसराही मिळतो, दोघांनी एकत्र गाणी ऐकण्याचा; तो चालणार नाही. दोन टोकांवर हेडफोन आणि माइक अशी वेगळी चित्रं आहेत का, हे पाहूनच पैसे द्या.

प्रश्न : ब्लूटूथ इयरबड्सवर गाणी सुरेख वाजतात. मीटिंग सुरू झाली की सगळं जुन्या टेलिफोनसारखं होतं. (दादर)

उत्तर : नेहमीच्या ब्लूटूथमध्ये चांगल्या दर्जाचा आवाज एकाच दिशेने जातो. माइक चालू झाला की जोडणी दुतर्फा बोलण्याच्या पद्धतीवर येते आणि तिथे आवाजाचं सॅम्पलिंग, म्हणजे त्याची मोजणी, सहसा सेकंदाला ८ किंवा १६ हजार वेळाच होते. इयरबड्समध्ये बिघाड नाही. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इयरबड्स आणि माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. तुमचं ऐकणं लगेच सुधारेल, आणि खोली शांत असेल तर बहुधा तुमचा आवाजही. रोज लोकलमध्ये बसून मीटिंग करायची असेल तर मात्र वायरचा, तोंडाजवळ माइक असलेला हेडसेटच घ्या.

प्रश्न : मी बोललो की माझाच आवाज मला परत ऐकू येतो. (विलेपार्ले)

उत्तर : तुमचा माइक निर्दोष आहे. समोरच्या कुणाच्या तरी स्पीकरमधून तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. एकेकाला म्यूट व्हायला सांगा. ज्याच्या म्यूट होण्याने प्रतिध्वनी थांबेल, त्याला इयरफोन लावायला सांगा. आणि घरात दोघं शेजारी बसून एकाच मीटिंगला हजर असाल तर एकाच लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा, दुसऱ्यावर माइक आणि स्पीकर दोन्ही बंद.