‘आज्ञा-ओळ’ आणि ‘आज्ञावली’

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. शाळेतल्या मुलांसाठी त्या पायथन या संगणकभाषेची टिपणं मराठीत लिहीत आहेत. टर्मिनल, म्हणजे संगणकाला लिहून हुकूम द्यायची खिडकी, उघडायचं, ‘पायथन३’ लिहून पुढे फाइलचं नाव द्यायचं आणि एंटर दाबायचं, या कृतीला एका भाषांतरात ‘आज्ञा-ओळीवरून आज्ञावली धाववणे’ असं म्हटलेलं त्यांनी वाचलं. ‘आज्ञा-ओळ’ म्हणजे कमांड लाइन, आणि ‘आज्ञावली’ म्हणजे स्क्रिप्ट, फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. हे बरोबर का, आणि ‘स्क्रिप्ट’ला ‘संहिता’ म्हणावं का, असं त्या विचारतात.

बाई, आधी ते ‘धाववणे’ खोडून टाका. ‘स्क्रिप्ट धावत नाहीये’, ‘कोड पुन्हा धाववून बघा’ हे हल्ली इतकं कानावर पडतं की कान धुऊन यावेसे वाटतात. इंग्रजीतल्या ‘रन’ने नळ धावतो, नाक धावतं, दुकानही धावतं. म्हणून सर्दी झाल्यावर आपण ‘माझं नाक धावतंय’ म्हणतो का? मराठीत यंत्र चालतं. गिरणी चालते, घड्याळ चालतं, पंखा चालतो, नशीब जोरावर असेल तर खोटं नाणंही चालतं. शिवाय ‘ही स्क्रिप्ट चालेल का?’ या एका वाक्यात आपण दोन गोष्टी विचारून घेतो: यंत्रावर सुरू होईल का, आणि आपल्या कामापुरती पुरेल का. अशी सोय हाताशी असताना धावाधाव कशाला?

कचेऱ्यांतली तरुण मंडळी ‘कमांड मार’, ‘रन मार’ म्हणतात, त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. आपण हाक मारतो, गाठ मारतो, शिक्का मारतो, नव्या भिंतीवर पाणी मारतो, पारावर गप्पा मारतो. मग कमांडनेच काय घोडं मारलं? ‘कार्यान्वित करणे’ परिपत्रकात शोभतं, तिथेच असू द्या. ‘निष्पादन’ हिंदीवाल्यांना परत करा. आणि कमांडच्या पुढे फाइलचं नाव वगैरे जे ‘आर्ग्युमेंट’ देतात, त्याला ‘युक्तिवाद’ म्हणणाऱ्यांशी मात्र मी कसलाच युक्तिवाद करत नाही.

आता खरी मजा. ‘आज्ञा-ओळ’ आणि ‘आज्ञावली’ हे दोन वेगळे शब्द आहेत असं तुम्ही, त्या भाषांतरकाराने आणि झाडून सगळ्यांनी धरलं आहे. माझं म्हणणं असं की हा एकच शब्द आहे. एक पायघड्यांवरून आला, दुसरा पायवाटेने, एवढाच फरक. ‘आज्ञावली’ म्हणजे आज्ञा अधिक आवली, आवली म्हणजे रांग. आणि आपली रोजची ‘ओळ’ ही त्या आवलीचीच लेक: आवली, मग प्राकृतात ओली, मग मराठीत ओळ.

इथे आमचे संस्कृतचे जाणकार स्नेही हेमचंद्रांना साक्षीला उभे करतात. बाराव्या शतकातला हा थोर जैन वैयाकरण. त्याच्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृताला वाहिलेला आहे, आणि त्यात नियम दिला आहे की पंक्ती या अर्थाच्या ‘आली’ शब्दातल्या आ-चा ओ होतो, म्हणून ‘ओली’. पण ‘आली’ म्हणजे सखी असेल तर होत नाही. म्हणजे ओळ आली ती ‘आली’पासून, आवलीचा संबंध नाही. झालं, खटला निकाली!

मला हा निकाल मान्य नाही. आचार्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो, ध्वनी कधीपासून अर्थ विचारून बदलायला लागले? एकाच उच्चाराचे दोन शब्द. त्यातल्या रांगेला ओ होतो आणि मैत्रिणीला होत नाही? ज्या नियमाला अशी पुस्ती जोडावी लागते, तिथे दोन वेगळे शब्द एकात कोंबलेले असतात असं खुशाल समजावं. रांगेच्या अर्थाची ओली मुळात निराळ्याच शब्दातून, आवलीतून आलेली आहे. मधल्या ‘अव’चा ‘ओ’ होणं ही तर आपल्याकडची रोजची गोष्ट. लवणाचं लोण झालं, नवनीताचं लोणी झालं, आणि गवंड्याच्या हातात दोरीला लोंबणारा ओळंबा हा संस्कृतातला अवलंब. हेमचंद्रांनाही लवणाचं लोण ठाऊक होतंच. ‘आली’ची खरी वंशज हवी असेल तर ती पुण्यातल्या रविवार पेठेत बोहरी आळीत भेटेल. दुकानांची रांग, आणि ओ-चा मागमूसही नाही.

प्रतिपक्ष लगेच दिवाळी काढतो: दीपावलीची दिवाळी झाली, ‘दिवोळी’ का झाली नाही? समासात शब्द दाटीवाटीने बसतात, तिथे एखाद्याचे हातपाय आखडतात, इतकंच. वंशावळ आणि पत्रावळ यांत तीच आवली ऐसपैस बसलेली दिसते. जेवणावळीतही, माझ्या मते, आवलीच मांडी घालून बसली आहे; पंगत म्हणजे तरी पंक्तीच ना? राहिला एक आक्षेप: आवलीतला पहिला आ दीर्घ आहे आणि तो ऱ्हस्व झाल्याशिवाय माझं गणित सुटत नाही. कबूल. पण सखीला वगळून रांगेला पकडणाऱ्या नियमापेक्षा हे मला कमी बोचतं.

यात संगणक कुठे आला? बरोबर मधोमध. आज्ञेची ‘ओळ’ ही काही अलंकारिक भाषा नाही, ती खरोखर कागदावरची ओळ होती. युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घडवणारी, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतली मंडळी टेलिटाइपपुढे, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रापुढे, बसून काम करत. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर एका ओळीत ७२ अक्षरं मावत. माणूस एक ओळ टंकायचा, गाडी मागे सरकायची, कागद वर चढायचा आणि यंत्र खालच्या ओळीत उत्तर छापायचं. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आजही ‘टीटीवाय’ अशी कमांड आहे, ती त्या टेलिटाइपचंच नाव मिरवते. एक ओळ ती आज्ञेची ओळ. अशा ओळींची रांग फाइलमध्ये उतरवून ठेवली की ती आज्ञांची आवली.

आणि या दोन बहिणींची गळाभेट कुठे होते ठाऊक आहे? स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत. तिथे हॅश आणि उद्गारचिन्ह, #!, देऊन पुढे दुभाष्याचा, म्हणजे फाइल वाचून तिच्याबरहुकूम काम करणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता लिहितात. १९८० च्या जानेवारीत डेनिस रिची यांनी ही सोय युनिक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, आणली. फाइल चालवायला घेतली की कर्नेल आधी तिची सुरुवात पाहतो. ही दोन चिन्हं दिसली तर त्या ओळीतल्या पत्त्यावरचा प्रोग्राम उठवतो आणि फाइलचं नाव त्याच्या हाती देतो. मग ‘पायथन३’ हे शब्द आपण टंकायचं कारण उरत नाही, फाइलला चालण्याची परवानगी दिलेली असली म्हणजे झालं. हॅशने सुरू होणारी ओळ पायथनच्या लेखी टिप्पणी असते, म्हणून तो ती मुकाट ओलांडून जातो. म्हणजे आज्ञावलीची पहिली ओळ हीच एक आज्ञा-ओळ! हे प्रथम उमगलं त्या दिवशी मी घरात तीन जणांना सांगितलं. तिघांनीही ‘बरं’ म्हटलं.

या ओळीने मला एकदा रडवलंही आहे. दुसऱ्या यंत्रावर लिहिलेली फाइल लिनक्सवर आणली, पहिली ओळ अक्षरन् अक्षर तपासली, आणि तरी ‘अशी फाइलच नाही’ असं उत्तर. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटलं होतं, टेलिटाइपची गाडी डावीकडे परत नेणारं. कर्नेल ते चिन्ह नावाचाच भाग समजून नसलेला पत्ता शोधत बसला होता.

मघाशी ‘दुभाष्या’ म्हणालो तो इंटरप्रिटर. तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पानावर तो येणारच. त्याला कृपा करून ‘अर्थान्वयक’ करू नका. दुभाषी हा आपल्या इतिहासात मुरलेला शब्द आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने दुभाषी म्हणून नारायण शेणवी होते. मद्रासकडच्या इंग्रजांचा ‘दुबाश’ हाही याच घरातला. फक्त मुलांना एवढं सांगा की पायथन हा एकेक वाक्य ऐकून लगेच सांगणारा दुभाषी नाही. तो आधी फाइल पूर्ण वाचतो, तिचं बाइटकोड नावाच्या स्वतःपुरत्या मधल्या भाषेत रूपांतर करतो आणि मगच कामाला लागतो. त्यामुळे शेवटच्या ओळीत कंस मिटायचा राहिला तर पहिल्या ओळीतला ‘प्रिंट’सुद्धा उमटत नाही. टर्मिनलमधल्या कमांडी ऐकणारा बॅश हा प्रोग्राम तसा नाही. तो वाचत वाचत करत जातो, आणि अडखळेपर्यंत बरंच काही करून बसलेला असतो. खरा शेणवी तो.

‘संहिते’चं राहिलंच. ती नाटकवाल्यांकडे राहू द्या. संहिता म्हणजे जोडून ठेवलेलं; वेदांच्या संहितापाठात शब्द संधीने एकमेकांना चिकटलेले असतात आणि पदपाठात सुटे. पायथनमध्ये दोन शब्द असे चिकटवून बघा, दुभाषी लगेच हात वर करेल. स्क्रिप्टला स्क्रिप्टच म्हणा, मुलांना तो शब्द तुमच्याआधीपासून येतो. टिपणात लिहा: ‘टर्मिनल उघडा, पायथन३ लिहून पुढे फाइलचं नाव द्या आणि एंटर मारा.’ शाळेत ‘मारा’ चालणार नसेल, तर ‘दाबा’.