लाकडी स्टेअरिंग ठेवावं की काढावं?

प्रश्न : काका, माझ्या सासऱ्यांची 1984 ची प्रीमिअर पद्मिनी आमच्याकडे देवगडला आहे. त्यांनी हौसेने मुंबईहून लाकडी स्टेअरिंग आणून बसवलं होतं. दर पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी धरते, आता दोन ठिकाणी चीरही गेली आहे. आम्ही खोबरेल तेल चोळतो. हे स्टेअरिंग ठेवावं का? मुलगा म्हणतो, आपल्या नव्या गाडीला लावू.
– एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : ताई, आधी ते खोबरेल बंद करा. तेलाने लाकूड दोन दिवस चकाकतं, पण वरचं व्हार्निश चिरलेलं असलं की तेल फटीतून आत मुरतं, त्यावर धूळ बसते आणि पुढे नवं व्हार्निश धरत नाही.

मुलाला सांगा, नव्या गाडीला नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकासमोर एअरबॅग सक्तीची आहे आणि ती स्टेअरिंगच्या मधोमध असते. तुमचं हे लाकडी स्टेअरिंगचं चाक लावायचं तर ती काढावी लागेल. कुडाळच्या माझ्या गॅरेजात हे काम मी ओळखीच्या माणसालाही करून दिलेलं नाही.

पद्मिनीला मुळातच एअरबॅग नाही, तिथे लाकूड चालेल. माझे वडील होड्या बांधणारे सुतार, त्यामुळे लाकडाची ओढ मला घरातूनच आहे. मे महिन्यात बंदरावर गाडी दोन तास उन्हात राहिली की काळं प्लॅस्टिक हाताला चटका देतं, लाकूड तेवढं पोळत नाही. पण व्हार्निश केलेलं लाकूड ओल्या हातातून निसटतं. एका जुलैत मी गिऱ्हाईकाची लाकडी चाकाची फियाट घेऊन आंबोली घाट उतरत होतो. काचेवर वाफ धरली म्हणून हातानेच पुसली, तोच ओला हात चाकावर ठेवला आणि वळणावर चाक बोटभर सरकलं. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत सगळा जोर मनगटाचा, तिथे एवढं सरकणंही जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून अशी गाडी चालवताना कोरडा पंचा मी मांडीवर ठेवतोच.

खरी मेख चाकाच्या आत आहे. इटलीच्या नार्दी कंपनीच्या नावाजलेल्या चाकांत अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि त्यावर लाकूड बसवलेलं असतं. अपघातात लाकूड फुटलं तरी धातूचा गोल शाबूत राहण्याची आशा असते. नुसत्या लाकडाचं चाक मात्र छातीसमोर तुटतं आणि त्याच्या कपच्या सुरीसारख्या असतात. तुमच्या चाकाच्या आतल्या कडेला धातूची रेघ दिसते का बघा. लोहचुंबक लावून ठरवू नका, अॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. मग दोन्ही हातांनी चाक धरून हलकं पिळा. चीर उघडमीट झाली किंवा कर्र वाजलं, तर सांधा सुटलाय. तसं असेल तोवर गाडी बाहेर काढू नका.

आत धातू नसेल तर चाक उतरवून सासऱ्यांच्या फोटोशेजारी टांगा आणि गाडीला पद्मिनीचं मूळ चाक मिळवून बसवा. धातू असेल तर दुरुस्ती करण्यासारखी आहे, पण आत्ता पावसात नको. वडील दिवाळीनंतर लाकूड सुकलं की मगच व्हार्निशला हात लावायचे. तुम्हीही जानेवारीत चाक उतरवून घ्या. थिनरने तेल नीट पुसून काढा, 220 नंबरचा आणि मग 400 नंबरचा पॉलिशपेपर मारा, चिरांत इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) भरा. त्यावर होड्यांना लावतात ते ऊन-पाणी सोसणारं व्हार्निश तीन-चार पातळ हातांत द्या, प्रत्येक हात पुरता वाळू द्या. परत बसवताना मधला नट मात्र मेकॅनिककडूनच आवळून घ्या.

चाकाच्या आतल्या कडेचा आणि दोन्ही चिरांचा उजेडात काढलेला फोटो पाठवा, बघून सांगतो.